कॉलेजच्या टीमला वर्ल्ड रेकॉर्ड करायचाय? अर्जापासून सर्टिफिकेटपर्यंत सगळं

टेकफेस्टच्या पहिल्या मीटिंगमध्ये कुणीतरी हमखास म्हणतं, "यंदा वर्ल्ड रेकॉर्ड करूया!" सगळे टाळ्या वाजवतात, व्हॉट्सॲप ग्रुप निघतो, आणि महिनाभरात तो ग्रुप थंड पडतो, कारण पुढे नेमकं काय करायचं हे कुणालाच माहीत नसतं. मी आमच्या कॉलेजच्या टीमबरोबर या सगळ्यातून गेलोय, आणि तेव्हा मराठीत नीट सांगणारं काहीच सापडलं नव्हतं म्हणून हे लिहितोय. लिहिताना इंजिनीअरिंग आणि सायन्सची मुलं डोळ्यासमोर आहेत, पण बाकीच्यांनाही बरंच उपयोगी पडेल.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. रेकॉर्ड म्हणजे नीट मोजलेला आणि सिद्ध करता येणारा एक आकडा, बस. तुम्ही मैदानात कितीही भारी काम करा, ते मोजलं कसं आणि दाखवणार कसं हे आधी ठरलेलं नसेल तर कागदावर काहीच झालेलं नसतं.

१. आधी आकडा ठरवा, आयडिया नंतर

"सगळ्यात भारी रोबोट" हा रेकॉर्ड नाही, "रुबिक्स क्यूब सगळ्यात कमी वेळात सोडवणारा रोबोट" हा रेकॉर्ड आहे. जगभरातल्या रेकॉर्डची नोंद ठेवणाऱ्या गिनीज वर्ल्ड रेकॉर्ड्स या संस्थेचे (पुढे नुसतं गिनीज) निकष थोडक्यात असे: मोजता आलं पाहिजे, दुसऱ्या कुणाला मोडता आलं पाहिजे, नियम सगळ्यांसाठी सारखे लावता आले पाहिजेत, पुराव्याने तपासता आलं पाहिजे, आणि एकच गोष्ट मोजलेली असली पाहिजे. सगळ्यात जास्त आयडिया या शेवटच्या अटीवरच बाद होतात. "सगळ्यात मोठा आणि सगळ्यात हलका ड्रोन" म्हटलं की दोन आकडे आले, त्यातला एक निवडा.

एकच आकडा म्हणजे काय ते दोन विद्यापीठांच्या गाड्यांवरून बघा. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी डिसेंबर २०२२ मध्ये त्यांची सनस्विफ्ट ७ ही सोलर कार एका चार्जवर १००० किमी पळवली, १२ तासांच्या आत. तिथे अंतर ठरलेलं होतं आणि मोजला वेळ. म्युनिकच्या टेक्निकल विद्यापीठाच्या मुलांनी २०२३ मध्ये बरोबर उलटं केलं, १५.५ किलोवॅट-तासाच्या एका चार्जवर गाडी किती लांब जाते ते मोजलं, आणि ती गेली २,५७३.७९ किमी. हवा खराब होती म्हणून गाडी म्युनिक विमानतळावरच्या हँगरमध्ये (विमानं ठेवायच्या मोठ्या शेडमध्ये) गोल गोल फिरवली आणि पोरं आळीपाळीने चालवत तिथेच झोपली. दोन्ही गाड्या विजेवर चालणाऱ्या, दोन्ही विद्यार्थ्यांनी बनवलेल्या, तरी रेकॉर्ड पूर्ण वेगळे, कारण मोजलेली गोष्ट वेगळी.

आकडा ठरवताना आपल्या विषयाजवळच राहा असं माझं मत आहे. जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगच्या टेक्निकल विद्यापीठातल्या मुलांनी २०१३ मध्ये १८.२१ मीटर पंखांचं कागदी विमान बनवून उडवलं. वाचायला गंमत वाटते, पण एवढा मोठा कागदी पंख स्वतःच्या वजनाने वाकू न देणं हा स्ट्रक्चरचा अख्खा प्रोजेक्ट आहे. कॅनडातल्या केलोना शहरात ओकनागन कॉलेज स्पॅगेटीच्या, म्हणजे शेवयांसारख्या लांब कडक पास्त्याच्या, पुलांची स्पर्धा घेतं, तिथे २००९ मध्ये हंगेरीच्या विद्यार्थ्यांच्या पुलाने ४४३.५८ किलो वजन पेललं, आणि पूल स्वतः किलोभराचाही नव्हता! असलं काही निवडलं तर रेकॉर्ड झाला नाही तरी हातात प्रोजेक्ट रिपोर्ट राहतो, गाइड खूश राहतात आणि वर्ष वाया जात नाही.

२. सध्याचा रेकॉर्ड शोधा आणि खरं बोला

गिनीजच्या वेबसाइटवर फुकट अकाउंट काढा आणि सर्च करा. साइटवर सगळे रेकॉर्ड दिसत नाहीत, छापील पुस्तकात तर त्याहून कमी असतात, त्यामुळे सर्चमध्ये नाही आलं म्हणजे रेकॉर्डच नाही असं धरू नका. अर्ज केला की सध्याचा आकडा ते कळवतात.

आकडा कळला की टीमने बसून खरं बोलायचं, आपल्याला जमणार आहे का? इलेक्ट्रिक गाडीच्या शून्य ते १०० चा, म्हणजे उभ्या गाडीने ताशी १०० किमी वेग किती सेकंदात गाठला याचा, रेकॉर्ड घ्या. वर्षानुवर्षं तो स्वित्झर्लंडमधल्या झुरिकचं ईटीएच हे तंत्र विद्यापीठ आणि जर्मनीतलं स्टुटगार्ट विद्यापीठ एकमेकांकडून हिसकावून घेतायत. २०१४ ला झुरिक १.७८५ सेकंद, २०१५ ला स्टुटगार्ट १.७७९, २०१६ ला झुरिक १.५१३, २०२२ ला स्टुटगार्ट १.४६१, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये झुरिकच्या ईटीएच आणि लुझर्नच्या मुलांची मायथेन ही गाडी ०.९५६ सेकंदात १०० ला पोचली, तेही १२.३ मीटरमध्ये. गाडीचं वजन १४० किलोच्या आसपास, आणि ती जमिनीला चिकटून राहावी म्हणून खालून हवा ओढून घेणारी यंत्रणा. यामागे बॅचमागून बॅच जुन्यांकडून शिकत आलीय, त्यामुळे नवीन टीमने पहिल्याच वर्षी इथे उडी मारू नये असं मला मनापासून वाटतं.

आणि टार्गेट ठेवताना सध्याच्या आकड्याच्या जरासं पुढे ठेवू नका, कारण तुमचा अर्ज पेंडिंग असताना दुसरं कुणीतरी तो मोडू शकतं. क्यूबच्या रोबोटचंच बघा. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या दोन विद्यार्थ्यांनी ०.३८ सेकंद केलं, मे २०२४ मध्ये मित्सुबिशी इलेक्ट्रिक कंपनीने ०.३०५ केलं, आणि एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठातल्या चार विद्यार्थ्यांनी थेट ०.१०३ वर आणलं. एवढ्या वेगाने फिरवला की बाजारातला क्यूब फुटून हातात येतो, म्हणून त्यांनी आतला गाभा स्वतः बनवला, आणि एक बाजू पूर्ण फिरून व्हायच्या आधीच दुसरी फिरायला लागेल असं टायमिंग बसवलं. थोडं थोडं पुढे सरकण्यापेक्षा असं लांब गेलेलं बरं.

३. अर्ज करा, आणि लवकर करा

अर्ज ऑनलाइन असतो. आधीपासून असलेलं टायटल मोडायचंय की नवीन टायटल सुचवायचंय हे निवडायचं, काय करणार ते चार-सहा ओळींत लिहायचं, कधी आणि कुठे ते सांगायचं. साध्या मार्गाने गेलात तर उत्तर यायला तीन महिने धरून चाला, जास्तही लागतात. घाई असलेल्यांसाठी पैसे भरून प्रायोरिटीचा मार्ग आहे, पण तो शेकडो डॉलरमध्ये जातो, कॉलेजच्या टीमने त्या वाटेला न गेलेलं बरं. नवीन टायटल सुचवायलाही वेगळी फी असू शकते. फी बदलत असतात म्हणून आकडे देत नाही, अर्ज करायच्या दिवशी साइटवर बघून घ्या.

मग उलटं गणित मांडा. टेकफेस्ट फेब्रुवारीत असेल तर अर्ज जुलै-ऑगस्टमध्ये गेला पाहिजे, म्हणजे गणपतीच्या सुट्टीच्या आधी. दिवाळीनंतर सबमिशन, ओरल, परीक्षा यातच सगळे असतात, तेव्हा अर्ज भरायला बसलात तर उत्तर येईपर्यंत फायनल इयरची मुलं कॉलेजातून बाहेर पडलेली असतात.

अकाउंट कुणाच्या पर्सनल मेलवर काढू नका, क्लबचा कॉमन मेल वापरा आणि पासवर्ड दोघांकडे ठेवा.

४. गाइडलाइन्स आल्या की त्या अभ्यासाला घ्या

अर्ज स्वीकारला की त्या रेकॉर्डची स्वतंत्र नियमावली येते. ती अख्खी प्रिंट काढा, हायलायटर घेऊन बसा, आणि प्रत्येक वाक्यासमोर कोण करणार त्याचं नाव लिहा. ही येण्याआधी अटेम्प्ट करू नका, कारण नियम न वाचता केलेल्या अटेम्प्टमध्ये काहीतरी राहतंच.

नियम किती बारीक असतात याचा अंदाज कागदी विमानावरून येईल. सगळ्यात लांब फेकायच्या रेकॉर्डसाठी एकच ए फोर कागद, तोही जास्तीत जास्त १०० जीएसएमचा (एका चौरस मीटर कागदाचं वजन ग्रॅममध्ये), आणि चिकटपट्टीचा तुकडा किती मोठा चालेल तेसुद्धा ठरलेलं. डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेत तरुण इंजिनीअर्सच्या टीमने याच नियमांत ८८.३१८ मीटर फेक केली, आणि त्यातले दोघे मिसुरीच्या विज्ञान-तंत्रज्ञान विद्यापीठाचे माजी विद्यार्थी होते. साधा झेरॉक्सचा कागद ७०-७५ जीएसएमचा असतो, म्हणजे पूर्ण १०० चा वापरायचा तर दुकानात जाऊन मागावा लागतो, रिमचं रॅपर पुराव्यासाठी जपून ठेवावं लागतं. असल्या बारक्या गोष्टींसाठीच तो हायलायटर.

काही समजलं नाही तर अकाउंटमधूनच लेखी विचारा आणि आलेलं उत्तर सेव्ह करा. "सिनियर म्हणाला चालतं" याला अर्थ नाही.

५. मोजमाप: इथे पैसे वाचवू नका

माझ्या मते सगळ्या लेखात महत्त्वाचा भाग हाच आहे.

वजन मोजायचं असेल तर काटा वैधमापन विभागाने तपासून शिक्का मारलेला पाहिजे. शिक्क्यावर वर्ष आणि तिमाही असते, तिचा जवळून फोटो काढा आणि सोबतच्या सर्टिफिकेटची मुदत बघा. लॅबमधला लोडसेल (वजन मोजणारा सेन्सर) वापरणार असाल तर एनएबीएल, म्हणजे प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ, त्याची मान्यता असलेल्या लॅबकडून कॅलिब्रेट करून, म्हणजे बरोबर मोजतो का ते तपासून, घ्या, त्याला वेळ लागतो म्हणून आधीच द्या. अंतरासाठी साधी टेप चालेल की सर्व्हेअर लागेल हे गाइडलाइन्समध्ये असतं. सर्व्हेअर लागणार असेल तर तो बाहेरचा आणि क्वालिफाइड हवा. आपल्याच सिव्हिल डिपार्टमेंटचे सर टोटल स्टेशन (सर्व्हेचं अंतर मोजायचं उपकरण) घेऊन आले तर मोजमाप अगदी बरोबर असेल, पण स्वतंत्र म्हणून धरलं जाणार नाही.

वेळ मोजायची असेल तर बहुतेक वेळा दोन टाइमकीपर आणि सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत दाखवणारी स्टॉपवॉच लागतात. फोनच्या ॲपवर विसंबू नका, मध्येच कुणाचा तरी कॉल येतो. एक सेकंदाच्या आतल्या गोष्टींना हाताने स्टॉपवॉच दाबून काही उपयोग नाही, तिथे सेन्सर किंवा हायस्पीड कॅमेरा लागतो आणि तो मान्य आहे का ते आधी विचारावं लागतं.

सगळं मोजमाप आदल्या दिवशी एकदा पूर्ण करून बघा, तीच माणसं, तीच उपकरणं, तीच जागा.

६. साक्षीदार

साधारणपणे दोन स्वतंत्र साक्षीदार लागतात. स्वतंत्र म्हणजे तुमचे आईवडील नाहीत, टीममेटचा मामा नाही, प्रोजेक्ट गाइड तर नाहीच नाही. विषयाची जाण असलेली माणसं घ्या: दुसऱ्या कॉलेजचे प्राध्यापक, चार्टर्ड इंजिनीअर, निवृत्त अधिकारी, वकील. त्यांना आठवडाभर आधी नियमावलीची कॉपी द्या आणि अर्धा तास बसून समजावून सांगा, ऐन वेळी बुके देऊन खुर्चीवर बसवू नका.

अटेम्प्ट झाल्यावर ते आपापलं स्टेटमेंट लिहितात. त्यात तारीख, ठिकाण, प्रत्यक्ष काय पाहिलं, मोजलेला आकडा, नियम पाळले का, आणि त्यांचं नाव, पद, संपर्क, सही. मोठा सापळा इथे आहे: टीमच एक मजकूर टाइप करते आणि दोघांकडून सही घेते. दोन स्टेटमेंट शब्दशः सारखी दिसली की तपासणाऱ्याला शंका येणारच. त्यांना त्यांच्या शब्दांत लिहू द्या, मराठीत लिहिलं तरी चालेल, सोबत इंग्रजी भाषांतर जोडायचं. आणि सही त्याच दिवशी, त्याच ठिकाणी घ्या, "उद्या ऑफिसला या" म्हणाले की तो उद्या पंधरा दिवसांनी उजाडतो.

७. कॅमेरा

ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँड विद्यापीठात डांबराच्या थेंबाचा प्रयोग आहे. थॉमस पार्नेल या प्राध्यापकांनी १९२७ मध्ये सुरू केला, नरसाळ्यात घट्ट डांबर, आणि त्याचा एक थेंब पडायला साधारण आठ ते तेरा वर्षं लागतात. जगात सगळ्यात जास्त काळ चाललेला प्रयोगशाळेतला प्रयोग म्हणून गिनीजमध्ये त्याची नोंद आहे. प्रयोग सांभाळणारे जॉन मेनस्टोन १९८८ मध्ये थोड्या वेळासाठी बाहेर गेले आणि नेमका तेव्हाच थेंब पडला. २००० मध्ये कॅमेरा लावून ठेवला होता, तर ऐन वेळी कॅमेऱ्यानेच दगा दिला. इतक्या वर्षांच्या कामात शेवटचा क्षण असा दोनदा हुकला, हे वाचून मला खरंच वाईट वाटलं होतं.

तुमच्याकडे तर पाच मिनिटांचा खेळ असतो, त्यामुळे कमीत कमी तीन कॅमेरे ठेवा, वेगवेगळ्या बाजूंनी. एक पूर्ण मैदान दाखवणारा, एक फक्त घड्याळ किंवा काट्याच्या डिस्प्लेवर, एक मुख्य घडामोडीवर. फोन एअरप्लेन मोडवर, मेमरी रिकामी, पॉवर बँक लावलेली. रेकॉर्डिंग अटेम्प्टच्या आधी सुरू करायचं, तारीख-ठिकाण बोलायचं, उपकरणं दाखवायची, आणि निकाल वाचून दाखवेपर्यंत बंद करायचं नाही. फाइल एडिट करायची नाही, गाणं लावायचं नाही, कापायचं नाही. रीलसाठी चौथा फोन वेगळा ठेवा. रात्री घरी जायच्या आधी ओरिजिनल फाइल्स दोन हार्डडिस्कवर कॉपी करा आणि त्या दोन वेगळ्या माणसांकडे द्या.

८. गर्दीचा रेकॉर्ड करणार असाल तर

आपल्याकडे कॉलेजांना हा प्रकार जास्त आवडतो. पुण्यात १४ डिसेंबर २०२३ ला स. प. महाविद्यालयाच्या मैदानावर ३,०६६ पालकांनी एकाच वेळी मुलांना गोष्ट वाचून दाखवली होती. त्याआधी २०१८ च्या गांधी जयंतीला आयआयटी मुंबईच्या पुढाकाराने हजारो शाळकरी मुलांनी सोलर दिवे जोडून एकत्र पेटवले. दिसायला सोपं दिसतं, पण माणसं जमवण्यापेक्षा ती मोजणं फार अवघड असतं.

गेट एकच ठेवा, प्रत्येकाला नंबर असलेला मनगटपट्टा, आत गेल्यावर बाहेर पडायचं नाही. साधारण पन्नास माणसांमागे एक स्वतंत्र स्टुअर्ड, म्हणजे गटावर लक्ष ठेवणारा माणूस, लागतो, त्याने आपल्या गटातलं कोण मध्येच थांबलं ते लिहून ठेवायचं आणि तेवढी डोकी एकूण आकड्यातून वजा होतात. ठराविक टक्क्यांच्या वर लोक बाद झाले तर अख्खा अटेम्प्ट जातो. म्हणून हजेरीसाठी सक्तीने बसवलेली मुलं आणू नका, ती दहाव्या मिनिटाला मोबाइल काढतात.

शिवाय पोलिसांची परवानगी, लाउडस्पीकरची परवानगी, ॲम्ब्युलन्स, पिण्याचं पाणी, टॉयलेट, आणि उन्हाची वेळ टाळणं. खाण्याच्या पदार्थांचा रेकॉर्ड असेल तर अन्न वाया जाता कामा नये अशी अट असते, कोण खाणार ते आधी ठरवा.

९. कागदपत्रांची फाइल

पुरावे अपलोड करायच्या आधी हे सगळं एका फोल्डरमध्ये हवं:

- कव्हर लेटर: काय केलं, कधी, कुठे, कुणी, अंतिम आकडा
- दोन साक्षीदारांची स्टेटमेंट, लागू असतील तर टाइमकीपर, सर्व्हेअर, स्टुअर्डची वेगळी
- लॉगबुक, म्हणजे वेळेनुसार हाताने लिहिलेली नोंद, स्कॅन करून
- उपकरणांची कॅलिब्रेशन सर्टिफिकेट
- न कापलेले व्हिडिओ आणि चांगले फोटो
- पेपरमध्ये बातमी आली असेल तर कात्रण
- प्राचार्यांचं परवानगीचं पत्र आणि जागेची परवानगी

फाइलींना नावं नीट द्या. "फायनल", "फायनल २", "एकदम फायनल" अशी नावं टाकून पाठवलंत तर तपासणाऱ्याने काय समजायचं?

१०. पैसे मागणाऱ्यांपासून सावध

गिनीजचा परीक्षक प्रत्यक्ष बोलावता येतो, निकाल तिथल्या तिथे मिळतो, पण त्याचा खर्च मोठा असतो आणि तो बोलावणं सक्तीचं नाही. पुरावे पाठवूनही रेकॉर्ड होतो.

खरा त्रास दुसरीकडून होतो. आमच्या अटेम्प्टची बातमी स्थानिक पेपरात आली आणि दुसऱ्याच दिवशी एका संस्थेचा फोन, "आमच्या बुकात नोंद करून देतो, मेडल, ट्रॉफी, सर्टिफिकेट, इतके हजार भरा." काय मोजलं, कसं मोजलं, एक प्रश्न नाही. नावात "वर्ल्ड" आणि "रेकॉर्ड" असलेल्या अशा संस्था भरपूर आहेत, आणि मुलांच्या वर्गणीतून पैसे जातात याचा मला फार राग येतो. साधी कसोटी लावा: ते नियमावली देतात का, पुरावा तपासतात का, आणि पुराव्यात कमतरता असेल तर नाही म्हणतात का? पैसे भरले की मिळतंच असं असेल तर सोडून द्या.

११. संशोधनातला रेकॉर्ड असेल तर वाट वेगळी

एमएस्सी, पीएचडीची मुलं विचारतात म्हणून हे लिहितो. तुमच्या कामात एखादा आकडा जगात पहिला असेल तर आधी शोधनिबंध, मग सर्टिफिकेट. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी २०२४ मध्ये मैद्यापासून ३७२ नॅनोमीटर जाडीची "स्पॅगेटी" काढली. ती खाण्यासाठी नाहीच, असे तंतू जखमेच्या पट्ट्यांसाठी वापरता येतील का हे बघायचं होतं. आपल्या नारायणगावजवळच्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीनेही असंच केलंय. कॅनडाचं मॅकगिल विद्यापीठ आणि बेंगळुरूच्या आयआयएससीच्या (भारतीय विज्ञान संस्थेच्या) संशोधकांनी तिच्या निरीक्षणांतून सुमारे ८८० कोटी वर्षांपूर्वी निघालेला हायड्रोजनचा रेडिओ सिग्नल पकडला, जानेवारी २०२३ मध्ये ते जाहीर झालं, आणि त्या प्रकारच्या सिग्नलसाठी तोवरचं ते सगळ्यात लांबचं अंतर होतं. दोन्हीकडे पुरावा म्हणजे इतर तज्ज्ञांनी तपासलेला पेपर.

पेपर आल्यावर गिनीजकडे जाता येतं. पर्ड्यूच्या संशोधकांचा सूर्यप्रकाश ९८.१ टक्के परतवणारा पांढरा रंग तसाच २०२१ मध्ये तिथे पोचला. पण छापून यायच्या आधी आकडा फोडायचा की नाही हे गाइडला विचारा, पेटंटचा विषय असेल तर नक्कीच.

१२. पाठवल्यानंतर

पुन्हा तीन महिने किंवा जास्त वाट बघायची तयारी ठेवा. या काळात "वर्ल्ड रेकॉर्ड केला" असं पोस्टर लावू नका, बायोडेटात लिहू नका, "रेकॉर्डसाठी प्रयत्न केला, निकाल यायचाय" एवढंच लिहा. जादा पुरावा मागितला तर घाबरू नका, त्यांनी मागितलंय तेवढंच आणि लवकर पाठवा.

नकार आला तर कारण वाचा. पुराव्याचा प्रश्न असेल आणि तुमच्याकडे ओरिजिनल व्हिडिओ असेल तर कधीकधी सुटतो, मोजमापाचाच घोळ असेल तर पुन्हा अटेम्प्ट करावा लागतो. सर्टिफिकेटवर नाव कुणाचं हे अर्ज करतानाच ठरवा, टीमचं की कॉलेजचं, आणि लेखी ठेवा, नंतर यावरून चांगल्या मैत्र्या तुटतात. आणि सगळ्या फाइल्स, नियमावली, कॅलिब्रेशनवाल्याचा नंबर, क्लबच्या मेलचा पासवर्ड हे थर्ड इयरच्या दोन मुलांकडे मे महिन्याच्या आत सोपवा, कारण जूनमध्ये तुमच्यातले अर्धे जॉइनिंगला गेलेले असतील.

आणखी काही अडलं तर आधी तुमची नियमावली आणि ठरवलेला आकडा समोर ठेवून विचारा, त्याशिवाय नीट उत्तर देता येत नाही.